सांभाराची बोहनी

मे महिन्यात सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवणं तान्ह्या लेकराचं करण्यासारखं असतं. हिंगणीच्या शिवारात चंद्रभान ते दरवर्षी हौसेनं करत. विहिरीच्या अंगाला एक लहानसा वाफा, त्यावर बांबू रोवलेले, आणि बांबूंवर आनंदाबाईंच्या जुन्या लुगड्यांचं नि सुनेच्या विटलेल्या साड्यांचं छत. सकाळी झारीनं पाणी, उन्हं कलल्यावर पुन्हा झारीनं पाणी. विहीर तळाला गेली होती, मोटर दोन मिनिटं चालून दम टाकायची. वांग्यांना एखादा दिवस तहान काढावी लागली तरी चालेल, पण सांभाराचं पाणी चुकायचं नाही. आनंदाबाई बांधावरून म्हणायच्या, "तीस वर्स झाले लग्नाले, मले नाई कधी असं झारीनं पानी पाजलं या मानसानं."

एवढ्या कोडकौतुकाला कारण होतं. गावात उन्हाळ्यात कुणाच्याही घरी लगीन निघालं की सांभार चंद्रभानच्या वावरातून जायचा. विकत नाही, तसाच. त्यांच्या वडिलांनी ती रीत घातली, चंद्रभाननी चालवली, आणि गाव ती गृहीत धरून चालत होतं. यंदा लगीन शेजारच्या भैय्याजींकडे होतं, त्यांच्या रोशनीचं. रोशनीनं तर फाल्गुनातच सांगून ठेवलं होतं, "काकाजी, वरातीले सांभारवड्या पाहिजे. उन्हाळ्यात कोनाच्याच लग्नात नसते!" सांभारवडी ही थंडीतली चीज. ती भर मे महिन्यात पंगतीत पडणार म्हणजे भैय्याजींची कॉलर ताठ होणार होती. चंद्रभाननी लग्नाची तिथी धरूनच धने पेरले.

वर्षाली ही या घरची सून. नवरा सचिन बुटीबोरीला कंपनीत, रविवारी येणारा. बी.ए. झालेली ही मुलगी दिवसभर वांगी तोडून संध्याकाळी मोबाइलवर कसले कसले व्हिडिओ बघते, हे चंद्रभानच्या नजरेतून सुटलं नव्हतं. बोरगाव मेघेला कंप्युटरचा क्लास आहे, वेबसाइट बनवायला शिकवतात, असं तिनं एकदा भीत भीत सांगितलं. आनंदाबाईंनी तिथंच निकाल लावला, "वांगे कोन तोडन मंग?"

"मी तोडतो तिच्या वाटचे," चंद्रभान म्हणाले. आणि खरंच तोडले. हातांना काटे लागायचे, ते कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली बसून सुईनं काढायचे आणि विचारायचे, "आज काय शिकवलं बाई?"

शिकवत ते तसं गमतीचं होतं. स्क्रीनवर कोरं पान उघडायचं, बाजूच्या पट्टीतून चौकट उचलायची, पानावर ठेवायची, बटण ठेवायचं, रंग द्यायचा. मागची सगळी लिखापढी पान बनवायचा तो प्रोग्राम, एडिटर, आपली आपण करायचा. पण पान म्हणजे नुसतं ताट, असं क्लासचे साहिल सर म्हणायचे. वाढायचं ते डेटाबेसच्या कोठीत. भाव बदलला की ताट बदलायचं नाही, कोठीतली ओळ बदलायची, ताटात आपोआप नवं पडतं. वर्षालीनं सरावासाठी घरचंच दुकान मांडलं. वर चंद्रभानचा वांग्यांची टोपली घेतलेला फोटो, खाली भाज्या, आणि गिऱ्हाइकानं मागणी लिहायची चौकट. आलेल्या मागण्या दिसायचं पान तिनं सासऱ्यांच्या मोबाइलवर अगदी समोर आणून ठेवलं. झालं! म्हातारा विहिरीवर, बांधावर, अगदी जेवताना डाव्या हातानं ते पान उघडून बघायचा. "अजून कोनी नाई," असं रोज सांगायचा, आणि जणू तो त्याचाच दोष असल्यासारखा ओशाळून हसायचा.

त्या दिवशी क्लासमध्ये मागणी कशी घ्यायची, कशी दाखवायची आणि कशी पुसायची, हे एका दमात होतं. सरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, "आपापल्या मशीनवरच्या नकलेवर करा. चालू साइटला हात लावू नका." पण वर्षालीची नक्कल डेटाबेसला जोडलीच जाईना. बाजूच्या मुली पुढे गेल्या. एकीची तर मागणी पुसूनही झाली. वर्षालीच्या कानशिलांना घाम आला, परतीची एसटी डोळ्यापुढे उभी राहिली, आणि तिनं सरळ चालू साइट उघडली. एवढ्यानं काय होतंय!

नाव काय टाकावं? तिला आवडणारं नाव टाकलं, सुरभी. मुक्काम बोरगाव मेघे. खिडकीतून पाण्याची टाकी दिसत होती, म्हणून टाकीच्या मागे. मोबाइलच्या जागी सगळे नऊ. माल सांभार. किती या चौकटीत अक्षरं चालतात का ते बघायला लिहिलं, जेवढा असेल तेवढा. कधी? आज संध्याकाळपर्यंत. बटण दाबलं आणि मागण्यांच्या पानावर सुरभीबाई टपकन उमटली. वर्षालीला इतका आनंद झाला की तिनं टाळीच वाजवली. मग पुसायचं पान करायला बराच वेळ गेला, चुकलं, पुन्हा केलं, शेवटी जमलं. ओळ गेली. पान कोरं झालं. ती पर्स उचलून एसटीकडे पळाली.

घराला कुलूप होतं. सारे वावरात गेले, असं समोरच्या घरून कळलं. एवढ्या उन्हात वावरात कशाला, म्हणत वर्षाली चप्पल ओढत निघाली. लांबूनच तिला दिसलं की वाफ्यावरची लुगडी गुंडाळून बांबूंना बांधली आहेत. खाली चार बाया ओळीनं बसल्या होत्या. आनंदाबाई होत्या, दोघी शेजारणी होत्या, आणि टोकाला रोशनीची आई सीताबाई. सांभार मुळासकट उपटून जुड्या बांधणं चाललं होतं. ओल्या बारदानावर हिरवा ढीग झाला होता.

"आली का बाई!" चंद्रभान हातातली सुतळी टाकून सामोरे आले. "पाय, तुया दुकानाची बोहनी झाली! सुरभीबाई म्हनून हाय कोनी. बोरगावले, टाकीच्या मांगं. जेवढा असन तेवढा सांभार पाहिजे म्हनते, सांजपर्यंत. मी पाह्यलं अन् मले तर सुधरेच नाई!"

वर्षालीच्या तोंडातून एवढंच निघालं, "फोन करून पाह्यला का मामाजी?"

"लागत नाई. मोठ्या लोकाईचे फोन असेच."

"पन हा रोशनीच्या लग्नाचा होता नं..."

"लगीन चार दिवसावर हाय. भैय्याजीले सांगतलं मी, बाजारातून बढिया सांभार आनून देतो. पहिलं गिऱ्हाईक वापस लावते का कोनी? तुया दुकानाचं तोंड पाह्यलं नाई अजून लोकाईनं, अन् आपनच नाई म्हनाचं?"

सीताबाई मान वर न करता जुड्या बांधत होती. ती मदतीला आली होती. शेजारधर्म म्हणून स्वतःच्या लेकीच्या लग्नातला सांभार स्वतःच्या हातानं उपटत होती.

वाफा अर्धा उपटून झाला होता. अर्धा उभा होता. बोलायचं तर आत्ता, हे वर्षालीला उन्हाइतकं स्वच्छ कळत होतं. मामाजी, थांबा, ती मीच होती, एवढंच म्हणायचं. तिनं ओठ ओले केले. तेवढ्यात आनंदाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "मी म्हनत होती का हा कंप्युटर म्हनजे पोट्टीईचा टाइमपास हाय. आज मानलं बाई तुले. घरी बसल्या गिऱ्हाईक आनलं."

सासूनं चारचौघींत केलेलं हे पहिलं कौतुक. ते नाकारायला जीभ उचलेना. वर्षालीनं पर्स बांधावर ठेवली, पदर खोचला आणि उरलेल्या अर्ध्या वाफ्यात उकिडवी बसली. तिनं हात घातला की मूठभर सांभार मुळासकट हातात यायचा आणि ओल्या मातीचा, पानांचा तो वास नाकात शिरायचा. एरवी त्या वासानं भूक लागते. त्या दिवशी तिनं तोंड बाजूला वळवलं. तरी तिचे हात थांबले नाहीत, उलट बाकीच्यांपेक्षा जोरात चालले. वाफा लवकर रिकामा झाला तर सांगायचं की नाही हा प्रश्नच राहणार नव्हता. स्वतःची ही चलाखी तिच्या लक्षात आली आणि तिला स्वतःची किळस आली.

गावातल्या अण्णाजींचा मालाचा ऑटो ठरवला होता. ओलं बारदान झाकून जुड्या रचल्या. चंद्रभान म्हणाले, "तूही चाल बाई. तुले रस्ता मालूम हाय."

म्हणजे जी बाई नव्हतीच, तिच्या घराचा रस्ता आता वर्षालीनं दाखवायचा होता.

सेलूच्या पुढे डांबर इतकं तापलं होतं की ऑटोत बसून पायांना चटका जाणवत होता. चंद्रभान मध्येच मागे हात घालून बारदान चाचपत आणि बाटलीतलं पाणी त्यावर शिंपडत. ते प्यायचं पाणी होतं. वर्षाली म्हणाली, "तुमाले राहू द्या थोडं." ते म्हणाले, "मले काय होते!"

टाकीमागच्या गल्लीत अण्णाजींनी ऑटो लावला. वर्षालीनं मनाशी ठरवलं होतं की दोन-चार घरं विचारतील, कुणी नाही म्हणतील, मग परत फिरतील, आणि मग ती वाटेत सांगेल. पण पानठेल्यावरच्या माणसानं विचारल्याबरोबर वर बोट केलं. "सुरभी म्हणजे शाळेत शिकवतात त्याच नं? वरच्या माळ्यावर."

चंद्रभान दोन जुड्या नमुन्याला घेऊन जिना चढले. मागून वर्षाली. मनानं रचलेली बाई खरीच कशी निघाली?

दार उघडणारी बाई तिशीची होती. हाताला कणीक लागलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाली, "नाही हो काका, मी नाही मागवलं. आम्ही दोघीच राहतो, मी आणि आई. एवढ्या सांभाराचं मी काय करू?"

"असं कसं? तुमचंच नाव होतं." चंद्रभाननी मोबाइल काढला, पान उघडलं. पान कोरं होतं. त्यांनी ते पुन्हा उघडलं, पुन्हा. "होती नं बाप्पा! दुपारी मी या डोयानं पाह्यली." मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "पुसली? माल दारात आल्यावर पुसून टाकली तुमी?"

"मला ते येतसुद्धा नाही काका. काहीतरी चूक झाली असेल."

"कंप्युटर येते म्हनून गरिबाले नाचवता काय? मागवाचं अन् पुसाचं! गावातल्या पोरीच्या लग्नाचा सांभार होता तो! मास्तरीन होऊन खोटं बोलता? खोटारडी!"

चंद्रभान आयुष्यात कुणा परक्या बाईशी चढ्या आवाजात बोलले नव्हते. आज त्यांचा आवाज फाटला. समोरच्या गॅलरीत माणसं आली, पानठेल्यावरचे चौघे जिन्याच्या तोंडाशी गोळा झाले. आतून म्हातारी विचारत होती, "कोण आहे गं? काय झालं?" सुरभीचे डोळे भरून आले. तिनं चंद्रभानच्या खांद्यावरून मागे पाहिलं. "ताई, तुम्ही तरी सांगा हो यांना."

वर्षालीनं खाली पाहिलं. दाराशी दोन जोड चपला होत्या, एका चपलेचा अंगठा दोऱ्यानं शिवलेला होता. ती त्या दोऱ्याकडे बघत राहिली. दार लागलं तेव्हाच तिनं मान वर केली.

गल्लीतल्या कुणी कुणी कीव येऊन एकेक जुडी घेतली. भाजीबाजारात या वेळी घाऊक घेणारं कुणी नव्हतं. उरलेला सांभार बारदानाखाली वाफाळून काळा पडत चालला, तो परत आणून म्हशीपुढे टाकला. येताना ऑटोत चंद्रभाननी वळून पाहिलं, तर सुनेच्या डोळ्यांतून पाणी गळताना त्यांना दिसलं. ते म्हणाले, "तू कायले रडते? तुही काय चूक? मानसंच बेइमान निंघाले."

त्यापेक्षा त्यांनी मुस्कटात मारली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

लग्नाच्या सकाळी चंद्रभान पहाटेच्या पहिल्या गाडीनं वर्ध्याला गेले आणि बाजारात मिळाला तो सांभार घेऊन आले. लग्नसराईत सगळ्यांनाच हवा होता. निवडून निवडून पिवळाच हाती आला. वरणावर भुरभुरण्यापुरता तो झाला, वड्यांचा विषय संपला. भैय्याजी मांडवाच्या दाराशी पाहुण्यांना टिळे लावत होते. पिशवीत डोकावून ते हसले. "राहू द्या चंद्रभानजी. आमाले कायचा आता सांभार! तुमचं ऑनलाइन झालं." आजूबाजूचे हसले. चंद्रभानही हसले, आणि वरणाची बादली उचलून पंगतीत वाकले. शेवटची पंगत उठेपर्यंत त्यांनी ती खाली ठेवली नाही. बायकांच्या बाजूनं वर्षालीला त्यांची वाकलेली पाठ तेवढी दिसत होती. तिनं ताट तसंच सारून ठेवलं. नवरीच्या साजात घामेजलेली रोशनी जवळून जाताना म्हणाली, "नसल्या वड्या तर नसल्या वैनी, तुमी काऊन मनाले लावून घेता?" त्यानं तर तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभान अंगणात धने रगडत बसले होते. धने अख्खे पेरत नाहीत. पोत्यावर पसरून चपलेच्या तळव्यानं हलकेच रगडायचे, की एकाच्या दोन फाका होतात. जोर जास्त झाला तर चुरा, कमी झाला तर उगवण नाही. त्यांचा हात अगदी सराईत फिरत होता. वर्षाली क्लासला निघाली होती. तिला त्यांनी हाक मारली.

"बाई, आज गेली की एक काम करजो. आपल्या त्या पानावर लिहून टाक. सुरभीबाई, बोरगाव मेघे, टाकीच्या मांगं. ही बाई फसवते, हिच्यापासून सावध राहा. मोठ्या अक्षरात लिहजो. दुसऱ्या कोनाचं असं नाई व्हाले पाहिजे."

वर्षाली तिथंच खाली बसली.

"मामाजी, तिनं ऑर्डर नाई केलती. मीच केलती."

चंद्रभाननी वर पाहिलं. "तू? तुले कायले पाहिजे होता सांभार?"

"पाहिजे नोता. चालते का नाई ते पाह्याले केलती, शिकता शिकता. नाव मीच मनानं टाकलं. मंग पुसून टाकलं. तवरिक तुमी पाह्यलं असन, हे माया ध्यानातच नाई आलं."

चप्पल थांबली. आत आनंदाबाई भाकरी थापत होत्या, तो आवाज येत होता.

"वावरात आली तवा मालूम होतं तुले?"

"हो."

"अर्धा वाफा उभा होता."

"हो मामाजी."

"अन् तू उपटाले बसली."

चंद्रभान पुन्हा धने रगडू लागले. हात जड पडत होता. फाकांऐवजी चुरा होत होता, तो त्यांना दिसत नव्हता. मग त्यांनी चप्पल बाजूला ठेवली, पोत्याची चारी टोकं धरून ते भिंतीशी सारलं, हातपाय धुतले आणि लग्नात घातलेला पांढरा सदरा पुन्हा अंगात घातला. आनंदाबाईंनी आतून विचारलं, "कुठी चालले?"

"बोरगावले. सूनबाईले घेऊन जातो."

एसटीत ते पुढच्या बाकावर बसले. ती मागे. रस्ताभर त्यांनी वळून पाहिलं नाही. तिला वाटत होतं, आता दाराशी गेल्यावर हे मला पुढे करतील, हिनंच केलं म्हणतील, आणि तसं व्हावं असं तिला मनापासून वाटत होतं.

सुरभीनं दार उघडलं, ओळखलं आणि अर्धं पुन्हा लोटलं. चंद्रभाननी हात जोडले.

"बाई, भांडाले नाई आलो. त्या दिवशी मी तुमाले खोटारडी म्हनलो. तुमची काही चूक नोती. चूक आमच्या घरची होती."

"म्हणजे कुणी केलं होतं ते?"

चंद्रभान भिंतीकडे बघत राहिले. "घरचीच होती बाई. मी मोठा हाय घरातला. मले माफ करा."

ते वर्षालीच्या पुढे उभे होते. जिना अरुंद होता आणि त्यांच्या पाठीआड ती पूर्ण झाकली गेली होती. पांढरा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. तिला वाटलं, हा माणूस इथंही माझ्या वाटची वांगी तोडतो आहे. ती त्यांच्या बगलेतून पुढे सरकली.

"मी केली होती," ती म्हणाली. "तुमी मला म्हणाल्या नं, तुम्ही तरी सांगा. तेव्हा मला सगळं माहीत होतं. मी बोलली नाही."

"गल्लीत मला अजून विचारतात," सुरभी म्हणाली. "तो म्हातारा का ओरडत होता म्हणून. आईला वाटलं, मी खरंच कुणाला फसवलं." तिनं चंद्रभानकडे पाहून हात जोडले. वर्षालीकडे पाहून काही केलं नाही. दार लागलं.

खाली पानठेल्यापाशी चंद्रभान थांबले. तिथल्या चौघांना त्यांनी स्वतःहून सांगितलं की त्या बाईची चूक नव्हती, आमचीच गफलत झाली. मग वर्षालीला म्हणाले, "तुया क्लासचा टाइम झाला असन."

"मी नाई जात आता."

"जाय. सांजच्याले भैय्याजीकडं जाचं हाय आपल्याले. तथीबी मी येतो. पन आता जाय."

ती क्लासला गेली. मशीन सुरू करून तिनं साइट उघडली आणि कोठीतली सांभाराची ओळ शोधून तिथं लिहिलं, नाही. पानावर ते लगेच उमटलं. फोटोतले चंद्रभान वांग्यांची टोपली घेऊन हसत होते. तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं. टाकीच्या सावलीत, दगडावर, ते तिची वाट बघत बसले होते. तासभर माणूस रिकामा बसला तर काय करणार, एरवी त्यांनी दहा वेळा ते पान उघडून बघितलं असतं. वर्षाली सर काय सांगताहेत ते न ऐकता पुन्हा पुन्हा तिकडे बघत होती. मोबाइल त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता, त्याचा चौकोन इथूनही दिसत होता. क्लास सुटेपर्यंत त्यांनी तो बाहेर काढला नाही.